काका काहीच का बोलले नाहीत?

ताई,

मी छत्तीस वर्षांचा आहे. मूळचा बार्शीचा, नोकरीसाठी २०१३ मध्ये पुण्यात आलो. गेली सात वर्षं मी आणि माझा जोडीदार कॅम्पातल्या एका जुन्या इमारतीत भाड्यानं राहतो. तो कॅम्पातच लहानाचा मोठा झाला, तमिळ ख्रिश्चन घरातला. त्याच्या घरी आमच्याबद्दल माहीत आहे. माझ्या आईला नाही.

इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी कधी खोदून विचारलं नाही, आम्ही कधी लपवलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या पारशी आजी नवरोजला रवा पाठवतात तेव्हा दोन वाट्या पाठवतात. पुण्यात आलो त्या पहिल्याच आठवड्यात इथल्या बेकरीत दोन पुरुष 'आपल्याकडचा पाव संपलाय का?' असं एकमेकांशी बोलताना ऐकले होते आणि शेजारच्या कुणी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. बार्शीत कॉलेजात असताना अशा लोकांवरच्या विनोदांना मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो, कुणाला संशय येऊ नये म्हणून. त्या दिवशी बेकरीत मला वाटलं, आपण पोचलो.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या शनिवारी, आम्ही नेहमीच्या टपरीवर चहा घेत होतो. एमजी रोडची रोषणाई बघायला सगळं पुणं लोटलं होतं. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. दोन गाड्यांवरून चार पोरं आणि दोन मुली आल्या. एकानं विचारलं, "काय रे, यातली वहिनी कोण?" दुसऱ्यानं मोबाइल वर धरला. मुलीही हसत होत्या. त्यानं हात काढून घेतला. मी काही बोललो नाही. टपरीवाले काका मान खाली घालून ग्लास विसळत राहिले. अर्धा चहा तसाच ठेवून आम्ही निघालो.

तेव्हापासून तो टपरीवर येत नाही. "घरीच करू की चहा," म्हणतो. रस्त्यात माझ्यापासून दोन हात लांब चालतो. मी त्या वेळी गप्प बसलो, तो भित्रेपणा होता का? ही बाहेरची, गावाकडची, उपनगरातली पोरं आमच्या भागात येऊन घाण करून जातात, त्यांचं करायचं काय? आम्ही खराडीला किंवा बाणेरला एखाद्या गेटच्या सोसायटीत राहायला जावं का? आणि तो व्हिडिओ कुठे फिरत असेल, या विचारानं अजूनही रात्री झोप उडते.

– दोघांपैकी एक, कॅम्प, पुणे

*

प्रिय 'दोघांपैकी एक',

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या पोरांचा राग आला. चौथ्यांदा वाचलं तेव्हा नजर एका वाक्यावर अडली, आणि आता सगळं पत्र मला त्या वाक्याभोवती फिरताना दिसतंय. त्याकडे येते. आधी तुमच्या मनाला जे सगळ्यात जास्त खातंय ते बाजूला काढू.

तुम्ही भित्रे नाही. समोर सहा जण, दोन गाड्या, एकाच्या हातात सुरू असलेला मोबाइल, आणि शेजारी तुमचं माणूस. अशा वेळी तोंड बंद ठेवून तिथून बाहेर पडणं याला मी शहाणपण म्हणते. त्यांना तुमचं उत्तर हवंच होतं. तुम्ही चिडला असतात, अंगावर गेला असतात, तर तो व्हिडिओ त्यांच्या दृष्टीनं दहापट 'भारी' झाला असता. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. पुन्हा असं घडलं तरीही तेच करा: उजेडाकडे, माणसांकडे सरका, जमलं तर गाडीचा नंबर लक्षात ठेवा, आणि कुणी अडवलं, हात लावला तर ११२ ला फोन करा.

आता व्हिडिओ. इतके महिने झाले, तुमच्या किंवा त्याच्या ओळखीतल्या कुणी पाहिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा तो त्याच रात्री चार मित्रांत हसून संपला असावा. तरीही कधी कुठे दिसला तर आधी त्या पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, त्या ॲपवर तक्रार करा आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर नोंद करा. "पैसे द्या, नाहीतर घरी पाठवतो" असा निरोप कुणाकडून आला, तर एक रुपयाही देऊ नका. ती खंडणी झाली, भारतीय न्याय संहितेत तिच्यासाठी ३०८ हे कलम आहे आणि पोलिसांना ती तक्रार घ्यावीच लागते, हद्द कुठलीही असो. नुसती शिवीगाळ, टोमणे यांची मात्र बहुतेक वेळा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे चौकीत गेल्यावर पदरी निराशा येणार नाही. एक गोष्ट मात्र दोघांनीही पक्की ध्यानात ठेवा. खांद्यावर हात ठेवून चहा पिणं हा या देशातल्या कोणत्याही कायद्यानं गुन्हा नाही. "अश्लील चाळे" म्हणून कुणी घाबरवू पाहिलं, वर्दीतलं असो नाहीतर बिनवर्दीचं, तरी नाही.

आईचं काय, ते तुमचं तुम्ही ठरवा. सांगायलाच हवं असं मी म्हणणार नाही. बार्शीतलं घर कसं आहे ते तुम्हाला माहीत, मला नाही. पण अनोळखी पोराच्या मोबाइलमुळे घाईघाईनं सांगून टाकू नका. सांगायचंच असेल तर तुम्ही निवडलेल्या दिवशी, तुमच्या शब्दांत सांगा.

आता 'बाहेरच्यां'बद्दल. इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

बाहेरची, गावाकडची, उपनगरातली. एका वाक्यात तीन शिक्के. पुण्याला ही खोड जुनीच आहे. पेठेतल्यांना डेक्कन बाहेरचं, डेक्कनला कोथरूड बाहेरचं, आणि आता कोथरूडला पिंपरी-चिंचवड बाहेरचं. तुम्ही राहता तो भाग तर मुळात बाहेरच्यांनीच वसवलेला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छावणी टाकली, म्हणून त्याला लष्कर म्हणायचं. पेठेतली जुनी माणसं अजूनही "लष्करात जाऊन येतो" म्हणतात. तिथलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं बगदादी ज्यू ससूनांनी, ते पूर्ण झालं १८६७ मध्ये. पारशी आले, इराणी आले, बोहरी आले, तमिळ आणि गोवेकर ख्रिश्चन आले, तुमच्या जोडीदाराचं घराणंही कधीतरी असंच आलं असेल. बाबाजान चौकातून तुम्ही रोज जात असाल. तिथे ज्यांचा दर्गा आहे त्या हजरत बाबाजान अफगाणिस्तानच्या बाजूनं आलेल्या, कडुलिंबाखाली उघड्यावर बसणाऱ्या. बाई असून 'बाबा' म्हणवून घेत, कुणी 'आई' म्हटलं तर रागावत, असं त्यांना मानणारे सांगतात. १९३१ मध्ये त्या गेल्या आणि त्याच झाडाखाली त्यांना मूठमाती दिली. कॅम्पानं त्यांचं बाबा म्हणवून घेणं मान्य केलं. कॅम्पाचा स्वभाव मला यातून कळतो.

आणि तुम्ही स्वतः बार्शीचे. त्या पोरांच्या जागी वीस वर्षांपूर्वीचा तुमच्या कॉलेजचा कट्टा ठेवून बघा. कुणीतरी "वहिनी कोण?" विचारलं असतं आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असतं, ते तुम्हीच लिहिलंय. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाही. मला विचारायचंय ते असं, की ते हसणं थांबलं कशानं? कुणी भाषण दिलं नाही, कुणी कानफटात मारली नाही. एका बेकरीत तुम्ही पाहिलंत की इथे यावर कुणी हसत नाही. बस. हसायला सोबत लागते. ती मिळाली नाही की माणूस गोंधळतो, आजूबाजूला बघतो आणि हळूहळू नवी रीत शिकतो. बार्शीचा मुलगा कॅम्पात येऊन शिकला. उपनगरातला मुलगा शिकणार नाही, असं आपण कशाच्या जोरावर ठरवायचं?

पण शनिवारी रात्री रोषणाई बघायला आलेल्या त्या पोराला कॅम्पानं काय शिकवलं? त्यानं विचारलं, सोबतच्या मुली हसल्या, आणि टपरीवरचं कुणीही, अगदी कुणीही, काही बोललं नाही. तो हेच शिकून गेला, की हे इथेही चालतं.

म्हणजे मी त्या वाक्यापाशी आलेच. "टपरीवाले काका मान खाली घालून ग्लास विसळत राहिले." एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही त्यांना एकच ओळ दिलीत आणि पुढे त्यांचं नावही काढलं नाहीत. पण तुमचा जोडीदार कॅम्पातला. म्हणजे काकांनी त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलं असण्याची शक्यता बरीच. परीक्षेच्या दिवसांत उधारीवर चहा दिला असेल. तुम्ही पहिल्यांदा दोघं मिळून गेलात तेव्हा न विचारता दोन ग्लास पुढे केले असतील. त्या पोरांची तोंडं त्याला आज आठवतही नसतील. काकांची मान मात्र आठवत असणार. तो म्हणतो "घरीच करू की चहा". त्यात पोरांचा उल्लेख कुठे आहे? पोरं दुसऱ्या दिवशी टपरीवर नव्हती, तिसऱ्या दिवशीही नव्हती. काका होते.

माझा अंदाज चुकू शकतो. पण तो घाबरलाय असं तुम्ही धरून चाललात, आणि मला वाटतं त्याला भीतीपेक्षा दुःख झालंय. दोन्हीवर उपाय वेगळे आहेत. भीती असेल तर घर बदलून, रस्ता बदलून कदाचित भागतं. दुःखाला ते लागू पडत नाही, ते सामानाबरोबर टेम्पोत चढून खराडीला येतं.

काका का बोलले नसतील? माझ्याकडे त्याचं एक उत्तर आहे, आणि ते मला स्वतःकडून मिळालंय.

वीसेक वर्षं झाली असतील. स्वारगेटहून कोथरूडला जाणाऱ्या बसमध्ये बसले होते. संध्याकाळची वेळ, मांडीवर मेथीची जुडी, घरी गेल्यावर वेळ नको जायला म्हणून बसमध्येच निवडत होते. पुढच्या सीटवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. नखांना फिकं गुलाबी पॉलिश, खांद्याला झोळी. त्यानं तिकीट काढताना शेवटचा थांबा सांगितलेला मी ऐकला होता. मागून तीन माणसं सुरू झाली. आधी गाणं, मग नावं, मग एकानं मागून त्याच्या केसांत हात घातला. बस भरलेली. मी मेथी निवडत राहिले. एकेक पान काळजीनं, जणू त्याच्याइतकं महत्त्वाचं काम जगात नव्हतं. तो मुलगा दांडेकर पुलाच्या थांब्यावर उतरला, तिकिटातला निम्म्याहून जास्त प्रवास सोडून. उतरताना त्यानं वळून पाहिलं ते त्या तिघांकडे नाही. माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या आईच्या वयाची होते, सगळ्यात जवळ बसले होते, आणि मला वाटतं माझ्याकडून त्याला काहीतरी अपेक्षा होती.

मला तो मुलगा खटकत नव्हता. त्या माणसांची मला घृणा आली होती. तरी मी गप्प राहिले, कारण काय बोलायचं तेच सुचलं नाही. "त्याला त्रास देऊ नका" म्हणायला गेलं तर पुढचा प्रश्न येणार, "तुम्हाला काय एवढा पुळका?" आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. रस्त्यात बाईची छेड काढली तर काय ओरडायचं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, "घरी आयाबहिणी नाहीत का?" ते तोंडात तयार असतं. अशा मुलासाठी, तुमच्यासारख्या दोघांसाठी, आपल्या भाषेत असं तयार वाक्य नाही. म्हणून चांगली माणसं हातातलं काम करत राहतात. मी मेथी निवडली, काकांनी ग्लास विसळले. त्या मुलाची मी आजही अपराधी आहे. पण तेव्हा कुणी मला आधी सांगून ठेवलं असतं की अशा वेळी एवढंच म्हण, तर मी नक्की म्हटलं असतं.

तेव्हा काकांना वाक्य द्या.

गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी साडेतीनच्या सुमाराला, टपरी रिकामी असते तेव्हा जा. आडपडदा न ठेवता सांगा: "काका, नाताळच्या वेळी ती पोरं आम्हाला बोलली, तुम्ही होतात. तुम्ही काही बोलला नाहीत त्याचं आम्हाला फार वाईट वाटलं. परत असं झालं तर एवढंच म्हणाल का, चहा घ्यायचा असेल तर घ्या, आमच्या गिऱ्हाइकाला त्रास द्यायचा नाही?" इतकंच. गे, समलिंगी, हक्क, कायदा, यातला एकही शब्द त्यांच्यावर टाकायची गरज नाही. 'आमचं गिऱ्हाईक' हा शब्द त्यांच्या रोजच्या तोंडातला आहे आणि तो म्हणायला त्यांना कुणाची भीती वाटणार नाही. टपरीवाल्यानं असं म्हटलं की शेजारी उभे असलेले दोघं-तिघं आपोआप वळून बघतात, आणि हसणाऱ्यांची सोबत सुटते.

काका कदाचित ओशाळतील. कदाचित म्हणतील, "धंद्याचं ठिकाण आहे, मी कशात पडत नाही." तसं म्हणाले तर वाईट वाटेल, पण निदान कळेल, आणि मग टपरी बदला. कॅम्पात टपऱ्या कमी नाहीत. मला मात्र वाटतं, ते कित्येक महिने तुमच्या जोडीदाराची वाट बघत असतील.

हेच पारशी आजींना सांगा. जिन्यात भेटणाऱ्या बाकीच्यांनाही सांगा. तुम्ही लिहिलंत, "कुणी खोदून विचारलं नाही, आम्ही लपवलं नाही." सात वर्षं ते छान चाललं. पण न विचारता, न सांगता चाललेल्या गोष्टीची एक अडचण असते. वेळ आली की समोरच्याला कळत नाही, बोलायची आपल्याला मुभा आहे का. ती मुभा तुम्ही तोंडानं द्यायला हवी.

याला मी इतकं महत्त्व का देते? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ३७७ कलमातून तुमच्यावरचा गुन्हा काढून टाकला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, १८६० च्या कायद्यातलं ते कलम. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यातून सुटका केली होती, २०१३ मध्ये ती परत हिरावली गेली, मग पाच वर्षांनी एकदाची मिळाली. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे कायदा तुम्हाला गुन्हेगार म्हणत नाही, आणि एकमेकांचे कुणी आहात असंही म्हणत नाही. मग सात वर्षांच्या तुमच्या संसाराला आज ओळख कोण देतं? नवरोजच्या दोन वाट्या देतात. न सांगता पुढे आलेले दोन ग्लास देतात. म्हणून काकांची मान खाली गेली तेव्हा तुमच्याकडचं बरंच काही एकदम डळमळलं. लग्न झालेल्या जोडप्याला कुणी टोमणा मारला तर त्यांच्या मागे दाखला उभा असतो, दोन घरं असतात, फोटोंचा अल्बम असतो. तुमच्यामागे गल्ली आहे.

कागदावर जे करता येतं ते मात्र आजच करून घ्या. भाडेकरारावर दोघांची नावं आहेत का? नसतील तर पुढच्या नूतनीकरणात घाला. महाराष्ट्रात करार नोंदवणं बंधनकारकच आहे, तो नोंदवलेला करार एकत्र राहत असल्याचा पुरावा होतो. बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं. त्यात समलिंगी जोडप्यांना कसली आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. बँकेतल्या माणसाला ठाऊक नसेल तर तारखेसकट सांगा. मृत्युपत्र करा, छत्तिसाव्या वर्षी ते अभद्र वाटलं तरी.

गेटच्या सोसायटीबद्दल विचारलंत. खराडी-बाणेरला सुखानं राहणारी तुमच्यासारखी जोडपी असतीलच. तिथलं घर आवडलं, ऑफिस जवळ पडतं, असं कारण असेल तर खुशाल जा. पण बाहेरचे आत येऊ नयेत म्हणून जाणार असाल तर थांबा. गेटवरचा वॉचमन अनोळखी गाडी अडवेल. सोसायटीची कमिटी आतच राहते. "भाड्यानं फॅमिलीलाच द्यायचं" हा नियम बाहेरून येणारी पोरं करत नाहीत. तो वार्षिक सभेत, चहा-बिस्किटं खात, आतली माणसं हात वर करून मंजूर करतात. कॅम्पात तुम्हाला सात वर्षांची ओळख आहे. तिथे पहिल्या पायरीपासून सुरुवात.

तो बाहेर पडणं टाळत राहिला, झोप-जेवण बिघडलं, तर समुपदेशकाकडे जा, दोघंही जा. पहिल्याच फोनवर स्वच्छ विचारा की समलिंगी जोडप्यांबरोबर काम केलंय का. जो 'बदलून देतो' म्हणेल त्याची पायरी चढू नका. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलंय की हा आजार नाही, आणि असे 'उपचार' करणं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलंय. आणि आपल्यासारख्या चार जणांत बसावंसं वाटलं तर पुण्यात ती सोय नवी नाही. बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केली २००२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाच्या सोळा वर्षं आधी. २०११ मध्ये या शहरात पहिली अभिमान पदयात्रा निघाली तेव्हाही तो निकाल सात वर्षं लांब होता. त्यानंतर पुण्यात तरुण मुलामुलींचे गट उभे राहत गेले.

तुमच्या पत्राला उत्तर लिहिताना रघुनाथ धोंडो कर्वे सारखे मनात येत होते. कर्वे रस्त्यावरून आपण रोज जातो, तो त्यांच्या वडिलांच्या, महर्षींच्या नावाचा. रघुनाथराव त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे, समलिंगी संबंधांबद्दलच्या प्रश्नांनासुद्धा. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. कर्वे पुढच्या अंकाच्या कामाला लागले आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत मासिक काढत राहिले. नव्वद वर्षांपूर्वी मराठीत या विषयावर वाचक पत्रं लिहीत होते आणि कुणीतरी त्यांना उत्तर देत होतं. तुमचा प्रश्न बाहेरून आलेला नाही, तो आपल्याच घरातला जुना प्रश्न आहे. कुणी "ही सगळी परदेशी थेरं" म्हणालं तर हे त्याला जरूर सांगा.

काकांकडे कधी जायचं, जायचं की नाही, आणि कुणी जायचं, हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका. काका आधी त्याचे आहेत, मग तुमचे. त्याला स्वतःलाच जायचं असेल. किंवा तुम्ही बोलावं आणि त्यानं नुसतं शेजारी उभं राहावं, असं त्याला वाटेल. किंवा अजून महिनाभर नकोच, असं म्हणेल. तेही चालेल.

म्हणून आज संध्याकाळी घरीच चहा करा, तो म्हणतो तसा. गॅसपाशी उभे असाल तेव्हाच विचारा, "त्या दिवशी काकांनी मान खाली घातली, तेव्हा तुला काय वाटलं रे?" आणि चहा गार झाला तरी मध्ये बोलू नका.